‘ओरिजिनल’ मँक्स नॉर्टन म्हणजे नेमकी कुठल्या दिवशीची?

प्रश्न थोडक्यात असा. नोकरीनिमित्त इंग्लंडला आलेल्या एका तरुण इंजिनिअरने जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात रुपेरी टाकीची 350 सीसी मँक्स नॉर्टन ही रेसची मोटरसायकल पाहिली, 1958 सालची. मालकाने छाती फुगवून सांगितलं की गाडी अस्सल आहे, पूर्ण रिस्टोअर केलेली आहे. आणि त्याच दमात हेही सांगितलं की क्रँक नवा, पिस्टन नवा, टाकी नवी, चाकांच्या रिमा नव्या आणि मेगाफोन, म्हणजे एक्झॉस्टचा भोंगा, तोही नवा. तरुणाचं म्हणणं असं की मग ‘अस्सल’ उरलं काय? एवढी किंमत लोक नेमकी कशासाठी मोजतात? आणि त्याला उद्या अशी एखादी गाडी घ्यायची झाली, तर त्याने बघायचं काय?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवला आणि गेली पंचवीसेक वर्षं कॉव्हेंट्रीजवळ जुन्या ब्रिटिश रेसिंग इंजिनांचं काम करतो. नॉर्टनचं म्हणाल तर आजवर अकरा मँक्स पूर्ण उघडून पुन्हा बांधल्या आहेत, त्यांतली दोन इंजिनं दोनदा. त्या हिशेबाने त्या तरुणाला उत्तर देतो. लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. ‘ओरिजिनल’ हा शब्द रस्त्यावरच्या गाडीला शोभतो. ती कारखान्यातून एका ठरावीक रूपात बाहेर पडते आणि मालकाने फार खटाटोप केला नाही तर तशीच राहते. रेसच्या गाडीचं तसं नसतं. शुक्रवारच्या सरावात पिस्टन गेला की रात्री दुसरा बसतो. पुढच्या रविवारी सर्किट लहान असलं की मागची गरारी बदलते. वर्षाअखेर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग, नवं, दोन वर्षांनी टाकी नवी, कारण गाडी आडवी झालेली असते. मँक्स विकत घेतलेल्या स्वाराने दुसऱ्याच महिन्यात तिच्यातलं काही ना काही बदललेलं असायचं. आमच्याकडे आजीची वाकळ असते ना, तिच्यात आधीचं लुगडं कुठलं आणि नंतरचं ठिगळ कुठलं हे कोणी विचारत नाही. टाके कोणी घातले एवढं मात्र घरात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून अशा गाडीबद्दल पहिला प्रश्न ‘ओरिजिनल आहे का’ हा नाहीच. ‘कुठल्या दिवशीची आहे’ हा आहे.

आता ही गाडी आहे कोण, ते.

नॉर्टनचा कारखाना बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागात, ब्रेसब्रिज स्ट्रीटवर. जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन यांनी 1898 मध्ये कंपनी काढली. 1907 साली आइल ऑफ मॅन बेटावर पहिली टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी, शर्यत झाली, तेव्हा रेम फाउलरने दोन सिलिंडरच्या गटात नॉर्टनवर बाजी मारली. गंमत अशी की त्या नॉर्टनमधलं इंजिन फ्रेंच होतं, पूजो कंपनीचं. पुढे ज्या वंशातून मँक्स जन्मली, तो 1927 पासून सुरू होतो. वॉल्टर मूर यांनी ओव्हरहेड कॅमचं इंजिन काढलं आणि अ‍ॅलेक बेनेटने त्याच वर्षी सीनियर टीटी, म्हणजे 500 सीसी गटाची शर्यत, जिंकली. मूर नंतर जर्मनीला एनएसयू कंपनीत गेले, तेव्हा आर्थर कॅरल यांनी इंजिन नव्याने आखलं आणि रेसिंगची सूत्रं जो क्रेग या आयर्लंडच्या माणसाकडे आली. 1931 ते 1938 या आठ वर्षांत सीनियर टीटी नॉर्टनने सात वेळा जिंकली. मधलं एकच वर्ष, 1935, इटलीच्या मोटो गुझीने नेलं, आणि तेही नॉर्टनवरूनच नावारूपाला आलेल्या स्टॅन्ली वुड्सने.

क्रेग यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती कारागिराची आहे. एकदम नवं काही काढायचं नाही. तेच एक सिलिंडरचं इंजिन घ्यायचं, टेस्ट बेंचवर बांधायचं आणि वर्षानुवर्षं खरवडत न्यायचं. पोर्ट जरा इकडे, व्हॉल्व्ह जरा मोठा, पाइप चार बोटं लांब. 500 सीसीचं माप, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव (स्ट्रोक), 79 बाय 100 मिलिमीटर आणि 350 चं 71 बाय 88. हे दुसरं माप वाचून बुलेटवाल्यांनी कान टवकारले असतील. बुलेट 350 चं माप 70 बाय 90. म्हणजे आपल्या गल्लीत धडधडणारं इंजिन आणि ही रेसची 350, दोन्ही मापाने सख्खे भाऊ. बुलेटचं जन्मगाव रेडिच, तेही बर्मिंगहॅमपासून हाकेच्या अंतरावर. पण बुलेट 18 हॉर्सपॉवर द्यायची आणि मँक्स त्याच्या दुपटीकडे जायची. फरक कशाचा? बुलेटमध्ये कॅम खाली बसतो आणि लांब पुशरॉडनी व्हॉल्व्ह उघडतो. फेऱ्या वाढल्या की त्या रॉडचं आणि रॉकरचं वजन स्प्रिंगला आवरत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. नॉर्टनने कॅमच डोक्यावर नेऊन बसवला. क्रँकपासून वर एक उभा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना बेव्हल, म्हणजे काटकोनात फिरवणारे शंकूसारखे गिअर, वर कॅमबॉक्स. पुढे कारखान्याच्या स्वारांसाठी एकाऐवजी दोन कॅम आले, आणि 1949 पासून ते विक्रीच्या गाडीतही मिळू लागले.

मँक्स हे नाव बेटावरून आलं. मँक्स म्हणजे आइल ऑफ मॅनचा. टीटीचाच रस्ता, एक फेरी साधारण 60.7 किलोमीटरची, गावांतून आणि डोंगरावरून जाणारी, आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती. त्याच रस्त्यावर हौशी स्वारांची मँक्स ग्रां प्री भरते. 1923 मध्ये ती वेगळ्या नावाने सुरू झाली आणि 1930 पासून या नावाने चालते. खाजगी स्वाराला विकत घेता येईल अशी रेसिंग नॉर्टन दुसऱ्या महायुद्धानंतर याच नावाने यादीत आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्याला तिचा आधार आहे. मँक्स ही कारखान्याची खास गाडी नव्हे. शनिवारी व्हॅनमध्ये घालून शर्यतीला जाणाऱ्या आणि सोमवारी कामावर परतणाऱ्या माणसाची ती गाडी.

आता चौकट. युद्धानंतरच्या मँक्सची जुनी चौकट जड होती. मागे प्लंजर सस्पेन्शन, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या स्प्रिंगा, होतं आणि लोक तिला थट्टेने ‘गार्डन गेट’ म्हणजे बागेचं फाटक म्हणायचे. इंजिन ठीक होतं, पण इटलीहून चार सिलिंडरची गिलेरा आली होती आणि ताकदीत तिच्याशी जमणारं नव्हतं. मग बेलफास्टच्या रेक्स मॅक्कँडलेस यांनी नवी चौकट आणली. नळ्यांचे दोन बंद फेरे, एक डावा, एक उजवा. ते हँडलच्या मानेपाशी एकमेकांना छेदतात आणि मागे स्विंगिंग आर्म. हॅरल्ड डॅनियल ती चालवून आला आणि म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. तेव्हापासून तिचं नाव ‘फेदरबेड’ पडलं. 1950 च्या एप्रिलमध्ये ब्लँडफर्डला जेफ ड्यूकने ती पहिल्यांदा पळवली आणि जिंकली. त्याच जूनमध्ये सीनियर टीटी ड्यूककडे आणि ज्युनिअर, म्हणजे 350 ची, आर्टी बेलकडे. जागतिक विजेतेपद मात्र त्या वर्षी एका गुणाने हुकलं, कारण टायरवरचा रबराचा थर सुटत होता. गिलेराच्या मासेत्तीचे 28 गुण, ड्यूकचे 27. पुढच्या वर्षी ड्यूकने 350 आणि 500 दोन्ही विजेतेपदं घेतली. कमी ताकदीचं इंजिन वळणांवर जास्त ताकदवानाला गाठू शकतं हे या चौकटीने दाखवलं, आणि नंतरच्या कितीतरी गाड्यांनी तिची नक्कल केली.

ही चौकट नॉर्टन स्वतः बनवतच नसे. रेनल्ड्स कंपनीत, 531 नावाच्या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादी नळ्यांतून, पितळी सळईने झाळून ती तयार व्हायची. तिथले केन स्प्रेसन हे या कामातले वस्ताद. ते पुढे कितीतरी वर्षं टीटीच्या आवारात गॅसच्या नळकांड्यांसह बसायचे आणि ज्याची चौकट तडकली असेल त्याची झाळून द्यायचे, कुठल्याही कंपनीची असो. म्हणजे 1950 च्या दशकातल्या चौकटीवर एखादा वेगळ्या हाताचा सांधा दिसला, तर तो दोष समजू नका. तो कदाचित बेटावर, सरावाच्या रात्री घातलेला असेल. मी असे सांधे कानसीने घासून सपाट करत नाही. आत तडा आहे का एवढं तपासतो आणि ठेवून देतो.

बाकीचा इतिहास झटक्यात सांगतो. 1952 ची सीनियर रेग आर्मस्ट्राँगने जिंकली आणि शेवटची रेघ ओलांडताना त्याची प्रायमरी चेन तुटली. नशीब म्हणतात ते असं. 1953 मध्ये ड्यूक गिलेराकडे गेला. 1954 ला विक्रीच्या मँक्सची मापं बदलली. 500 चं 86 बाय 85.62 आणि 350 चं 76 बाय 76.7 झालं. स्ट्रोक आखूड केल्याने पिस्टनचा वेग आवरला आणि इंजिन जास्त फेऱ्या घेऊ लागलं. तुम्ही पाहिलेली 1958 ची गाडी या आखूड स्ट्रोकची. 1954 च्याच अखेरीस कारखान्याने स्वतःचा संघ बंद केला. पुढची आठ वर्षं मँक्स खाजगी लोकांनीच जगवली: फ्रान्सिस बिअर्ट, स्टीव्ह लॅन्सफील्ड, बिल लेसी, रे पेटी असे ट्यूनर, म्हणजे इंजिनं रेससाठी तयार करणारे कारागीर, आणि त्यांचे स्वार. 1961 च्या सीनियर टीटीत एमव्ही ऑगस्टाच्या चार सिलिंडरवर गॅरी हॉकिंग पुढे होता. त्याची गाडी बिघडली आणि माइक हेलवूडने लेसींनी बांधलेल्या मँक्सवर शर्यत जिंकली. सरासरी ताशी 100.6 मैल, म्हणजे जवळजवळ 162 किलोमीटर. एक सिलिंडर, गावातल्या रस्त्यांवर, सहा फेऱ्या. त्याच आठवड्यात ज्युनिअरही मँक्सवरच जिंकली गेली, फिल रीडने.

1963 मध्ये ब्रेसब्रिज स्ट्रीटला टाळं लागलं. 1966 मध्ये रेसिंगचा साठा आणि हक्क कॉलिन सीली यांनी घेतले. आणि तरी 1969 मध्ये युगोस्लाव्हियात गॉडफ्री नॅशने मँक्सवर 500 ची ग्रां प्री जिंकली, म्हणजे कारखाना बंद पडल्यानंतर सहा वर्षांनी. नॉर्टन हे नाव आज भारतीय मालकीचं आहे. 2020 मध्ये टीव्हीएसने ते 1 कोटी 60 लाख पौंडांना घेतलं. माझ्या इथल्या मित्रांना याचं जरा वैषम्य वाटायचं, मला वाटत नाही. त्याआधीच्या मालकांनी या नावाचे काय हाल केले ते मी जवळून पाहिलंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. या गाड्यांचे तुकडे विखुरले कसे, ते कळल्याशिवाय त्या पुन्हा जोडल्या म्हणजे काय केलं हे कळत नाही.

1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये 500 सीसीच्या फॉर्म्युला थ्री मोटारींच्या शर्यती जोरात होत्या. कूपर कंपनीच्या छोट्या मोटारीत मोटरसायकलचं इंजिन पाठीमागे बसायचं आणि त्यांना मँक्सचंच इंजिन हवं असायचं. नॉर्टन इंजिन सुटं विकायला तयार नव्हती. मग लोक अख्खी मोटरसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून मोटारीत टाकायचे आणि उरलेली गाडी कोपऱ्यात उभी करायचे. अशा बिनइंजिनाच्या फेदरबेड चौकटी स्वस्तात मिळू लागल्या. लंडनच्या पोरांनी त्यांत ट्रायम्फची दोन सिलिंडरची इंजिनं बसवली आणि ‘ट्रायटन’ नावाची नवी जात तयार झाली. म्हणजे जन्मापासून जोडीने असलेली चौकट आणि इंजिन आज एकत्र सापडणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. त्या गाडीच्या मालकाने नंबर जुळतात असं सांगितलं असेल, आणि ते खरं असेल, तर किंमतीतला मोठा हिस्सा तिथे गेला.

आणि म्हणूनच तिथे खोटेपणाही सगळ्यात जास्त. डॉमिनेटर नावाच्या रस्त्यावरच्या गाडीलाही नॉर्टनने फेदरबेड चौकट दिली होती. पण ती साध्या पोलादाची, 531 ची नव्हे. बाहेरून दोन्ही जुळ्या दिसतात. मँक्सचे ब्रॅकेट झाळून घातले, नंबर पुन्हा ठोकले की झाली मँक्स. अशी एक माझ्या टेबलावर आली होती. मालकाने घर गहाण टाकून घेतलेली. उचललं तेव्हाच हाताला खटकलं, जास्त जड होती. नंबरच्या जागी बोट फिरवल्यावर किंचित खोलगट लागलं. कोणीतरी जुने आकडे घासून काढले होते. पेंट उतरवल्यावर सगळंच उघडं पडलं. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, चौकटीचा आणि इंजिनचा नंबर उघड्या धातूवर बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दोन्ही नंबर घेऊन मालकांच्या क्लबात जा. कारखान्याच्या नोंदींतून गाडी कधी आणि कुणाकडे पाठवली ते बऱ्याचदा कळतं. नोंद जुळली की मग जुने शर्यतीचे फोटो शोधायचे. टाकीवरचा पोचा, काउलचा (पुढच्या वारा-आवरणाचा) आकार, एखादा वेगळा ब्रॅकेट. फोटो खोटं बोलत नाही, पण तो कुठल्या वर्षाचा हे सांगणारा माणूस खोटं बोलू शकतो. फोटोतल्या नंबरप्लेटचा क्रमांक त्या वर्षीच्या निकालपत्रिकेशी ताडून घ्या.

आता नव्या भागांचं. त्या गाडीच्या मालकाने सांगितलेली यादी ऐकून मला उलट बरं वाटलं. का, ते सांगतो.

क्रँक. मँक्सचा क्रँक म्हणजे दोन फ्लायव्हील, मध्ये क्रँकपिन, तिच्यावर रोलर बेरिंग आणि कनेक्टिंग रॉड. सगळं दाबून बसवलेलं. रेसमध्ये हे भाग तासांच्या हिशेबाने संपायचे. साठ वर्षांपूर्वीचा रॉड, त्यावर किती तास झाले ते कोणालाच ठाऊक नाही, आणि तुम्ही सात हजार फेऱ्या घेणार. असा रॉड तुटला तर क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडून बाहेर येतो आणि मग जे खरोखर दुर्मीळ आहे तेच जातं. जुना रॉड भिंतीला टांगा, गाडीत नवा घाला. आज मोल्नार, समरफील्ड अशा भाग बनवणाऱ्यांकडे मँक्सचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, काही तर मूळापेक्षा सरस धातूचे. अख्खी नवी मँक्ससुद्धा मिळते. त्यात फसवणूक काही नाही, जोवर विकणारा तिला 1958 ची म्हणत नाही.

क्रँककेस. ही खरी जपायची वस्तू. मँक्सच्या क्रँककेस, कॅमबॉक्स आणि हब मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. पिसासारखे हलके, आणि तितकेच नाजूक. ओल लागली की पांढरी भुकटी सुटते, आतून पोखरतं, बेरिंगच्या बैठका सैल पडतात, कधी तर भिंतीतून तेल पाझरायला लागतं. अशा केसला आधी हलक्या हाताने साफ करायचं. मग ओव्हनमध्ये तापवून बेरिंग काढायचे, हातोडी लावायचीच नाही. बैठक सैल असेल तर बाही घालून पुन्हा मापात बोअर करायची. सच्छिद्र झाली असेल तर निर्वातात राळ भरून घ्यायची. लेथवर मॅग्नेशियम कातताना तर जपावंच लागतं. बारीक कीस ठिणगीने पेटतो, आणि पेटल्यावर त्यावर पाणी चुकूनही टाकायचं नाही, आग दुप्पट भडकते. उद्यमनगरात बिडाच्या ओतकामावर वाढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचंही तसंच. मँक्सच्या बऱ्याच इंजिनांत तो पोकळ असतो आणि आत सोडियम भरलेला. गरम झालं की सोडियम वितळतो, आत खालीवर हेलकावतो आणि व्हॉल्व्हच्या डोक्यातली उष्णता दांड्याकडे नेतो. युक्ती उत्तम. पण जुना व्हॉल्व्ह कोणी सहज म्हणून करवतीने कापला आणि सोडियमला पाणी लागलं, तर हात भाजल्याशिवाय राहत नाही.

बेव्हलचं काम मला सगळ्यात प्रिय. खाली एक जोडी, वर एक जोडी, मधल्या दांड्याला दोन्ही टोकांशी ओल्डहॅम कपलिंग, म्हणजे थोडं सरकू देणारा जोड. दात एकमेकांत किती खोल बसावेत हे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून ठरवायचं. जास्त घट्ट झालं तर दात ओरडतात, सैल झालं तर टायमिंग हलतं. एक-दोन थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, खेळ. इंजिन थंड असताना बरोबर लागलेलं माप गरम झाल्यावर बदलतं, कारण सिलिंडर वाढतो आणि त्याबरोबर कॅमबॉक्स वर जातो. पुस्तकातला आकडा असतो, पण शेवटी हातानेच क्रँक फिरवून कुठे अडकतंय का हे बोटांना कळावं लागतं. माझ्या कोल्हापूरच्या गुरूंनी ऑइल इंजिनाच्या गरारीवर जे शिकवलं तेच इथे कामाला आलं. त्यांनी नॉर्टन कधी पाहिली नाही.

आता माझी स्वतःची चूक. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी एक 500 ची मँक्स आली. तिचा ऑइल टँक ओशट, काळा, वर रंगाचे दोनचार ठिपके आणि कोणीतरी ब्रशने घातलेल्या रेघा. मी तो ब्लास्ट करून, रंगवून आरशासारखा केला. मालक, ऐंशीच्या घरातले गृहस्थ, बघत राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की ते ठिपके बेटावर तपासणी करणाऱ्यांनी लावले होते, गाडी शर्यतीला पात्र ठरली की असा रंग लागतो, आणि त्या रेघा त्यांच्या भावाने घातल्या होत्या. भाऊ पुढे शर्यतीतच दगावला. टँक आता चकचकीत होता, आणि पुन्हा कधीच तसा होणार नव्हता. त्या दिवसापासून काहीही साफ करण्याआधी मी फोटो काढतो, मग विचारतो, आणि बहुतेक वेळा साफ करतच नाही. ‘काँकूर’ स्पर्धांसाठी गाडी दागिन्यासारखी घासणाऱ्यांशी माझं जमत नाही, ते यामुळे. कारखान्यातून निघाली तेव्हाही मँक्स इतकी चकचकीत नव्हती. ओतकामावर वाळूचे डाग असायचे आणि रुपेरी टाकीवरच्या काळ्या-लाल रेघाही हाताने ओढलेल्या.

तेलाची एक गोष्ट राहिली. या इंजिनात त्या काळी एरंडेल तेल जायचं, आजही अनेकजण तेच घालतात. हो, तेच एरंडेल जे लहानपणी आपलं नाक दाबून पाजलं जायचं. गरम धातूवर त्याची पापुद्र्यासारखी फिल्म टिकते, खनिज तेल जिथे हार मानतं तिथेही. जळल्यावरचा गोडसर वास एकदा नाकात बसला की जात नाही. शर्यतीच्या आवारात तो आला की माणसं माना वळवतात. पण एरंडेल खनिज तेलात मिसळत नाही, आणि वर्षानुवर्षं बंद राहिलं की लाखेसारखं घट्ट होतं. बंद पडलेली मँक्स घेतली तर तेल बदलून लगेच धक्का मारू नका. आतल्या वाहिन्या बुजलेल्या असतात, वर कॅमपर्यंत तेल पोचत नाही आणि दहा मिनिटांत कॅम संपतो. सगळं उघडून स्पिरिटने धुवायचं, मगच.

तर मग तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. चौकट, क्रँककेस, कॅमबॉक्स, हेड, गिअरबॉक्सचं कवच, फोर्क आणि हब: हे जुने, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध कागदांनी सिद्ध होत असेल, तर बाकी सगळं नवं असलं तरी मी त्या गाडीला अस्सल म्हणेन. पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, चेन, रिमा, टायर हे शर्यतीच्या काळातही खर्चीच पडायचे. टाकी मधली. जुनी टाकी असती तर बरं, पण सहा दशकांत कितीदा आडवी झालेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी पेट्रोल गळत असेल, तर नव्या टाकीला नाव ठेवण्यात अर्थ नाही. जुनी फेकली नाही ना, एवढं विचारा. ज्याने जुने भाग खोक्यात घालून, चिठ्ठ्या लावून ठेवलेत, त्याने काम प्रामाणिकपणे केलंय असं समजायला हरकत नाही. आणि ज्याने सगळं नवं घालून ‘फॅक्टरी कंडिशन’ म्हटलं, त्याला विचारा, कुठल्या फॅक्टरीची, कुठल्या दिवशीची.

शेवटचं एक. गाडी खरंच चालवली जाते की नुसती शोभेला उभी असते, हे ओळखायला इंजिन सुरू करायला लावायची गरज नाही. मँक्सच्या कॅम ड्राइव्हचा दांडा उजव्या बाजूला आहे, आणि वरच्या कॅमबॉक्समधून थोडं तेल गळतंच. कितीही चांगलं बांधा, गळतंच. ते वाऱ्याने स्वाराच्या पायावर येतं. पुढच्या मेळाव्यात तो मालक भेटला तर गाडी नंतर बघा. आधी त्याचा उजवा बूट बघा.